मेणातली गोळी

फूलिंगमध्ये त्या उन्हाळ्यात यांगत्से नदी इतकी आटली की पात्रातले खडक उघडे पडले, आणि लक्षण बरं नाही असं बायका कुजबुजायला लागल्या. म्हातारा पेंग मात्र कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता. औषधी पाल्याचं दुकान मुलीच्या हाती सोपवूनही त्याचा जीव त्यातच अडकलेला. भर दुपारी वाळत घातलेली कमळाची पानं उलटायला तो गच्चीवर गेला आणि तिथंच कोसळला.

मुलगी सूलान आणि तिचा थोरला भाऊ क्वांगपिंग, दोघांनी त्याला खाली आणून फरशीवर निजवलं. अंग तापलेल्या तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही, दातखीळ बसलेली. सूलाननं आधी मुठी पाहिल्या. घट्ट आवळलेल्या होत्या. तिला जरा धीर आला, कारण बापानंच शिकवलं होतं: मूठ बंद असेल तर आग आत कोंडलेली असते, मेंदू वाचवायला थंड गुणाची गोळी द्यायची ती तेव्हाच. मूठ उघडली आणि हातपाय गार पडले की प्राण निघायला लागलेला असतो. मग तसली थंड गोळी देणं म्हणजे आपल्याच हातानं मारणं.

अँब्युलन्सला फोन झाला होता. घाटरस्ता खचलाय, वळसा घालून येतोय, तोवर अंग ओलं ठेवा, असं तिकडून सांगितलं गेलं.

"दादा, गोळी काढ," सूलान म्हणाली.

क्वांगपिंग कपाटापाशी गेला आणि तिथंच थबकला. गोळी एकच होती. सोन्याच्या वर्खात गुंडाळून मेणात बंद केलेली, बैलाच्या पित्तखड्याची, कस्तुरीची आणि गेंड्याच्या शिंगाची, शिंगावर बंदी यायच्या आधीची. असल्या जुन्या गोळ्या इथले लोक जिवापलीकडे जपतात, आणि जपता जपता माणूस जातो, हे मात्र कुणी बोलत नाही.

"ही आईची आहे," तो म्हणाला. आतल्या खोलीत आई अर्धांगवायूनं पडून होती. "बाबांनीच ठेवलीय तिच्यासाठी. उद्या तिला दुसरा झटका आला तर काय तांदळाची पेज पाजणारेस?"

"पण बाबांच्या मुठी आत्ता बंद आहेत!"

"अहो वैद्यीणबाई, ऊन लागलंय, उतरेल. आधी पाणी मारून बघू. अगदीच हाताबाहेर गेलं तर गोळी कुठं पळून जातेय?"

सूलाननं भांडायला हवं होतं. पण आईसाठी गोळी उरावी, असं मनातून तिलाही वाटत होतं. ती बापाच्या छातीवर ओले पंचे टाकत राहिली. पंचे टाकल्या टाकल्या कोमट होत होते. वीज गेलेली, पंखा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बापाचा श्वास घरघरायला लागला.

"तुझे बाबा का बोलत नाहीत गं?" आईनं आतून विचारलं.

"ऊन लागलंय, आई."

"मग द्या की माझी गोळी! मेल्यांनो, मी काय ती छातीशी धरून पुरून घेणारे?"

क्वांगपिंग खजील झाला. त्यानं धावत जाऊन मेण फोडलं, गोळी वाटीत कोमट पाण्यात कुस्करली. कस्तुरीचा उग्र वास खोलीभर पसरला. चमचा घेऊन तो बापाशेजारी बसला आणि एकदम ओरडला, "अगं, बघ! मुठी सुटल्या! घाम आला, अंगही थंड पडतंय. मी म्हटलं नव्हतं?"

सूलाननं बापाचा हात हातात घेतला. गार होता, चिकट घामानं भिजलेला. तोंडही सैल उघडलं होतं. तिनं बोटं दुमडून मूठ करून पाहिली. सोडल्याबरोबर बोटं पुन्हा पसरली. जाणारा जीव धरून ठेवणारा जिनसेंगचा काढा आता उपयोगी पडला असता, पण तो उकळायला वेळ लागतो आणि वेळ तर त्यांनी घालवला होता.

"नको, दादा," तिनं त्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

"नको काय? आत्ता तर कुठं..." तो तिच्याकडे बघत राहिला, मग बापाच्या हातांकडे. तोही त्याच दुकानात वाढलेला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मिटव ना गं त्या," तो लहान पोरासारखा म्हणाला. "मुठी मिटव ना त्यांच्या."

"दिली का गं?" आई आतून विचारत होती.

सूलाननं वाटी खाली ठेवली.

"दिली, आई."

"बरं झालं," आई म्हणाली. "आता उतरेल."