दोन रायफलींची पेटी

मी काळी पेटी बोलतेय. नॉर्थ डकोटातल्या एका छोट्या गावात, ऑरिन हॉल्व्हर्सनच्या तळघरात, पिंगपाँगच्या टेबलाला टेकून उभी असते ती मीच. मला चार कुलपं आहेत, खाली दोन चाकं आहेत आणि पोटात राखाडी फोम आहे. दोन शिकारी रायफली परदेशी न्यायच्या आणि सुखरूप परत आणायच्या, एवढ्याचसाठी माझा जन्म. काम जोखमीचं, मानाचंही. पण मानाच्या कामात बोलायला कुणी नसतं, हे मला लवकरच कळलं.

जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात गेलं आणि मी बाहेर पडले. एका माणसाने बूट घालून माझ्या पाठीवर दोनदा उड्या मारल्या, मोडत नाही म्हणून मान डोलावली आणि मला पुढे ढकललं. मायेचा पहिला स्पर्श म्हणाल तर तो एवढाच. मग काही महिने दुकानात उभी होते. माणसं यायची, कुलपं खटखट वाजवून बघायची आणि एका रायफलीची पेटी घेऊन जायची. दोन रायफलींची पेटी घ्यायची तर दोन माणसं लागतात, आणि बरोबर परदेशी जाईल असा माणूस प्रत्येकाला कुठे असतो?

ऑरिनला तो होता. त्याचं नाव लेलँड. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या सरकारी गाड्या दोघांनी तीस वर्षं चालवल्या. ऑरिनची बायको गेली, लेलँडचीही गेली, तेव्हापासून रात्रीचं जेवण एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे.

माझी खरेदी झाली ती दोघांच्या वेडेपणामुळे. गावातल्या शिकारी क्लबाचं वर्षाचं जेवण असतं. जेवण झालं की लिलाव. त्या वर्षी आफ्रिकेतल्या नामिबियात सात दिवस कुडूची, म्हणजे पीळदार शिंगांच्या मोठ्या हरणाची, शिकार लिलावात निघाली, दोन माणसांसाठी. ऑरिन दाराजवळ बसला होता, लेलँड स्वयंपाकघराच्या बाजूला, मध्ये दीडशे माणसं. ऑरिनने हात वर केला. पलीकडून कुणीतरी बोली चढवली. ऑरिनने पुन्हा वर केला, पलीकडून पुन्हा. बाकीचे केव्हाच गप्प झाले होते, हे दोघेच एकमेकांना चढवत होते. लिलाववाल्याने शेवटी विचारलं, "ऑरिन, दुसरं माणूस कोण नेणार आहेस?" ऑरिन म्हणाला, "लेलँडला." तेव्हा पलीकडून आवाज आला, "अरे गाढवा, मी तुलाच न्यायला निघालो होतो."

ही हकीकत मी पन्नासदा तरी ऐकलीये. दर वेळी दोघे तितकेच हसायचे.

मला घरी आणल्यावर फोम कापायचं काम निघालं. रायफल जशीच्या तशी बसली पाहिजे, जराही हलता कामा नये, म्हणून फोमवर तिची आकृती काढून खाच पाडायची. ऑरिनने सणाच्या दिवशी भाजलेला टर्की पक्षी कापायची विजेची सुरी खाली आणली. त्याची खाच सरळ आली. लेलँडची वाकडी झाली, कारण कापता कापता तो म्हणाला, "मांडी घेणार का पंख?" आणि स्वतःच हसत सुटला. मला मात्र ती वाकडी खाचच आवडायची. तिच्यात रायफल घट्ट बसायची.

मग तयारी सुरू झाली. एवढी तयारी लग्नघरातही होत नसेल. पिंगपाँगच्या टेबलावर दोघांचे कपडे, बूट, दुर्बिणी, मलेरियाच्या गोळ्या मांडलेल्या. रोज यादी बघायची, रोज एक शर्ट काढायचा, दुसऱ्या दिवशी तोच परत ठेवायचा. दुपारी मागच्या शेतात सराव. तिकडे तीन काठ्या एकत्र बांधून केलेल्या आधारावर रायफल ठेवून उभ्याने नेम धरावा लागतो म्हणे. इथे दोघांना बसून मारायची सवय. लेलँडचा नेम ऑरिनपेक्षा चांगला होता, आणि हे तो कुणालाही विसरू द्यायचा नाही.

पण तो स्वतः मात्र विसरायला लागला होता. एकच गोष्ट तासात तीनदा विचारायचा. "विमान शुक्रवारी आहे ना?" विमानाला अजून दोन महिने होते. ऑरिन दर वेळी सांगायचा, जणू पहिल्यांदाच विचारलंय. वर टोमणाही मारायचा, "म्हातारा झालास लेका." पण ते म्हणताना तो लेलँडकडे बघायचा नाही. मी खाली उभी असायचे, मला दोघांचे चेहरे दिसायचे.

मे महिन्यात कस्टमच्या कचेरीत जायचं ठरलं. रायफलीचा नंबर अधिकाऱ्याला दाखवायचा आणि कागदावर शिक्का घ्यायचा. तो नसला तर परत येताना आपलीच बंदूक आपली आहे हे पटवता येत नाही. कचेरी चार तासांवर. सकाळी ऑरिन मला भरत होता. लेलँडने स्वतःची रायफल पुढे केली.

आता इथे एक रीत आहे, आणि ती या लोकांच्यात लहानपणापासून शिकवतात. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात गेली की घेणाऱ्याने बोल्ट, म्हणजे बाजूचा लोखंडी दांडा, मागे ओढायचा आणि आत गोळी नाही ना ते स्वतः बघायचं. देणाऱ्याने आत्ताच तुमच्यासमोर बघितलं असलं तरी बघायचं. देणारा सख्खा भाऊ असला तरी बघायचं.

"बघितलंय मी," लेलँड म्हणाला.

ऑरिनचा हात बोल्टवर गेला होता. तो तिथेच थांबला. मला त्याचा विचार स्पष्ट कळला. एरवी त्याने न बोलता बघितलं असतं आणि लेलँडला काही वाटलंही नसतं. पण आता बघितलं तर ते लेलँडवर संशय घेतल्यासारखं झालं असतं, कारण संशय खरंच मनात होता. त्याने रायफल तशीच वाकड्या खाचेत ठेवली आणि झाकण लावलं.

मला मात्र माहीत होतं. रायफलीने आत शिरताच सांगितलं, "माझ्यात एक राहिलीये." चार तास मी ती गोळी पोटात घेऊन गाडीच्या मागच्या बाजूला पडून होते. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जायचा. पुढे दोघे कॉफी पीत होते आणि लिलावाची गोष्ट पुन्हा एकदा सांगत होते. ओरडावंसं वाटत होतं. पण पेटीला आवाज कुठून असणार?

कचेरीत एक अधिकारीण होती. तिने मला उघडायला लावलं. ऑरिनची रायफल बघितली, नंबर लिहून घेतला. मग म्हणाली, "दुसरीचा बोल्ट मागे घ्या."

ऑरिनने ओढला. पितळेचं काडतूस उडून टेबलावर पडलं आणि घरंगळत तिच्या कागदांपर्यंत गेलं. तिने त्यावर हात ठेवला.

"ही रायफल कुणाची?" तिने विचारलं.

"पेटी मी भरली," ऑरिन म्हणाला. "न बघता भरली. चूक माझी."

तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग आणखी एक अधिकारी आला, खूप वेळ बोलणं झालं आणि शेवटी आज शिक्का मिळणार नाही, पुन्हा या, असं सांगून त्यांना सोडलं. परतीच्या वाटेवर दोन तास झाल्यावर लेलँड म्हणाला, "मी काढली होती गोळी. मला चांगलं आठवतंय." ऑरिन म्हणाला, "हो."

पंधरा दिवस ऑरिनने हे मनात ठेवलं. मग लेलँडच्या मुलीला, जनेलला, बोलावून सांगितलं. तळघरातच, माझ्यासमोर. जनेल म्हणाली, "काका, मला सगळं दिसत होतं. पण बाबांना कोण सांगणार, म्हणून मी गप्प होते." त्याच संध्याकाळी लेलँडच्या सगळ्या बंदुका तिने आपल्या घरी हलवल्या.

दुसऱ्या दिवशी लेलँड आला आणि टेबलावरचे आपले कपडे पिशवीत कोंबायला लागला.

"ऐक ना," ऑरिन म्हणाला. "बंदुकीशिवाय ये. बरोबर येणाऱ्याला तिथे कुणी ना म्हणत नाही. दुर्बीण घे, कुडू तू शोध. माझ्यापेक्षा तुझीच नजर चांगली आहे."

"तुझी पाण्याची बाटली धरायला येऊ?"

"लेलँड..."

"तीस वर्षं तुझ्या पुढे गाडी चालवली मी. धुक्यात चालवली, वादळात चालवली. आणि तू माझ्या पोरीला जाऊन सांगतोस." त्याने टोपी उचलली. "जा एकटा."

जिना चढताना त्याला धाप लागली होती. ऑरिन खालीच उभा राहिला. सांगितलं ते चुकलं असं त्याला वाटत नव्हतं, मलाही वाटत नव्हतं. तरी आम्हा दोघांनाही चोरी केल्यासारखं झालं होतं.

मग तो एकट्याने तयारीला लागला. शिक्का घेऊन आला. रिकामी खाच तशी ठेवता येत नाही, सामान हलतं, म्हणून त्यात त्याने दोन लोकरीचे सदरे गुंडाळून भरले. मग वजन करायची वेळ आली. विमानात पेटीचं वजन जास्त झालेलं चालत नाही. हे लोक काय करतात, की पेटी उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहतात आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करतात. पण मला हातात धरलं की खालचा आकडा दिसत नाही, तो वाचायला दुसरं कुणीतरी लागतं. ऑरिन मला घेऊन काट्यावर उभा राहिला आणि खाली वाकून बघू लागला. दिसली फक्त मीच. मग त्याने फोन जमिनीवर ठेवून चित्रफीत घेतली. पहिल्यांदा छत आलं. दुसऱ्यांदा त्याचे बूट आले. तिसऱ्यांदा आकडा आला. मला खाली ठेवून त्याने तो यादीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

नामिबियाबद्दल मी काय सांगणार, मी सात दिवस तंबूत होते. जे कळलं ते रायफलीकडून. पाचव्या दिवशी मोठा कुडू मिळाला, शिंगांना तीन पीळ असलेला. नेम एकदम स्वच्छ लागला. ऑरिनने रायफल खाली घेतली आणि डावीकडे वळून म्हणाला, "बघितलंस?" डावीकडे गवत होतं. वाट दाखवणारा माणूस उजवीकडे उभा होता, त्याला वाटलं आपल्याला विचारलं. तो म्हणाला, "बघितलं साहेब." त्या संध्याकाळी ऑरिन शेकोटीपाशी आलाच नाही, अंगात कणकण आहे म्हणाला.

शिंगं यायला सव्वा वर्ष लागलं. मोठ्या लाकडी खोक्यातून आली, चार माणसांनी तळघरात उतरवली. भिंतीवर जागा ऑरिनने आधीच मोजून ठेवली होती, खिळेही आणले होते.

त्याच आठवड्यात जिन्यावर पावलं वाजली. लेलँड होता. हातात भरलेली पिशवी, डोक्यावर उन्हाची टोपी. बाहेर ऑक्टोबरची थंडी. मागून जनेल आली, तिने ऑरिनकडे बघून नुसती मान हलवली.

"मी तयार आहे," लेलँड म्हणाला. "विमान शुक्रवारी ना? कागद केलेस का?"

राग नव्हता. भांडण, गोळी, कचेरी, सगळं पुसलं गेलं होतं. लिलाव तेवढा आठवत होता.

जनेल हळूच म्हणाली, "काका, मी सांगू का त्यांना?"

"काय सांगणार? मी जाऊन आलो म्हणून?" ऑरिनने मला टेबलावर घेतलं आणि कुलपं उघडली. आत रायफल नव्हती, ती तो आता दुसऱ्या खोलीत कपाटात ठेवतो. "ये रे. तुझी यादी बघू आधी."

तेव्हापासून दर गुरुवारी जनेल लेलँडला सोडून जाते. दोघे शर्ट मोजतात, मोजे मोजतात, दुर्बिणीच्या काचा पुसतात. लेलँड विचारतो, ऑरिन सांगतो, लेलँड पुन्हा विचारतो. सगळं भरून झालं की संध्याकाळी ऑरिन एकटा ते बाहेर काढतो, पुढच्या गुरुवारी भरायला. मला वाटायचं, आता माझं एकटेपण संपलं. पण ऑरिनचं संपलेलं दिसत नाही.

गेल्या गुरुवारी लेलँडने कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. "हे काय आणलंयस?"

"बर्फ लोटायचं यंत्र."

"जन्मभर लोटून हौस फिटली नाही तुझी." तो हसला, एक मोजा घडी करायला घेतला आणि मध्येच थांबला. "ऑरिन, तू माझ्याशिवाय जाऊन तर आला नाहीस ना?"

ऑरिनने त्याच्या हातातला मोजा घेतला, दुसऱ्याशी जोडी लावली आणि माझ्यात ठेवला.

"नाही रे," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कसा जाईन?"

खोक्याचं झाकण अजून उघडलेलं नाही. खिळे तसेच पुडीत आहेत. तुम्हा वाचणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. कधी या गावात आलात आणि गुरुवार असला, तर तळघरात नामिबियाचं नाव काढू नका, दोघांना निवांत सामान भरू द्या. पण दुसऱ्या कुठल्याही वारी आलात, तर खुर्ची ओढून ऑरिनजवळ बसा आणि त्याला विचारा, तो कुडू कसा होता. त्याने अजून कुणालाही सांगितलेलं नाही.