कलम चार

"साहेब, एक मिनिट. कलम चार परत वाचा."

बेनेडिक्ट हे शांतपणे म्हणाला खरा, पण टेबलाखाली त्याच्या मुठी वळल्या होत्या. बहरीनमध्ये, झिंज भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारचे सकाळचे साडेआठ वाजले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर एका चौकटीत मुंबईतल्या कार्यालयातले उपसचिव होते, तर दुसऱ्या चौकटीत वसईकडच्या तळेपाड्याच्या शाळेत दाटीवाटीनं बसलेली गावसमिती होती.

उपसचिवांनी तडजोडीच्या मसुद्यातलं ते कलम कंटाळून वाचलं, "तत्कालीन ग्रामशिक्षकाने करारातील मजकूर ग्रामस्थांना चुकीचा समजावून सांगितल्यामुळे उभय पक्षांत गैरसमज निर्माण झाला."

"तो ग्रामशिक्षक माझा बाप होता."

"आम्ही कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"गावात तेव्हा दोन शिक्षक होते का? नाव कशाला पाहिजे?"

एकोणीसशे चौसष्ट साली सरकारनं तळेपाड्याचं गुरचरण, दोन बावखलं आणि जुनं कबरस्तान धान्याच्या कोठारासाठी घेतलं. बावखल म्हणजे गावाचं गोड्या पाण्याचं तळं. त्यावर बागा जगत होत्या. करार दोन भाषांत झाला. 'गरज सरेपर्यंत वापरास दिली' असं मराठी कागदात होतं आणि 'कायमची दिली' असं इंग्रजीत. अंगठे उठले ते मराठी ऐकून. वाचून दाखवलं ते बेनेडिक्टच्या वडिलांनी, पास्कूमास्तरांनी, कारण गावात वाचणारे तेच होते. पुढं कुंपण पडलं, बावखलं बुजवली गेली आणि कबरस्तानाच्या फाटकाला कुलूप लागलं. तेव्हा गावानं सरकारला नाही, मास्तरांना धरलं. 'जमीनविक्या मास्तर' हे नाव त्यांना मरेपर्यंत चिकटलं. रविवारी चर्चमध्ये ते ज्या बाकावर बसत, त्या बाकावरचे लोक उठून मागं जात. लहानग्या बेनेडिक्टला वाटायचं, आपल्याला ऐसपैस बसायला मिळतं म्हणून मजा आहे.

बेनेडिक्ट बहरीनमध्ये बावीस वर्षं एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होता. कुठला नकाशा जुना, कुठला सुधारलेला, कुणी कधी सही केली, हे बघणं त्याचं काम. कोठार बंद पडून वर्षं लोटली तरी जमीन परत येईना, तेव्हा गावानं दावा लावायचं ठरवलं आणि कागद जमवायचं आणि गावातर्फे सही करायचं काम त्याच्याकडं आलं. अकरा वर्षं त्याची प्रत्येक रजा त्यातच गेली. एका मे महिन्यात चर्चच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या वह्यांखाली, मराठी कराराची मूळ प्रत सापडली. सरकारी टाइपरायटरवर टाइप केलेली, खाली कचेरीचा शिक्का. मास्तरांनी एक अक्षरही पदरचं घातलं नव्हतं. जे लिहून आलं, तेच त्यांनी वाचलं होतं. त्या दिवशी बेनेडिक्ट कपाटाला डोकं टेकून रडला होता.

"ती प्रत आम्ही दिलीय," तो आता म्हणाला. "तुमचाच शिक्का आहे."

"शिक्का पुसट आहे. ती प्रत आमच्या दप्तरात नाही."

"तुमच्या दप्तरातून नाहीशी झाली, हा माझ्या बापाचा गुन्हा?"

उपसचिव पुढं वाकले. "हे बघा, निम्मी जमीन परत मिळतेय, कबरस्तानासकट. सरकार दिलगिरीही व्यक्त करतंय. दिलगिरी द्यायची तर कारण लिहावं लागतं. तुम्ही राहता परदेशात, तुम्हाला भावनांचे चोचले परवडतात. एकदाच सांगा, गावाला जमीन पाहिजे का तुम्हाला तुमचे वडील?"

शाळेतली चौकट एकदम गप्प झाली. बेनेडिक्टनं वाट पाहिली. कुणीतरी बोलेल, निदान एक खुर्ची तरी वाजेल. कुणीच बोललं नाही.

"मंगळवारी सांगतो," म्हणून त्यानं लॅपटॉप असा आपटून मिटला की स्वयंपाकघरातून त्याची बायको जेनिस धावत आली. रात्रपाळी करून आलेल्या तिच्या अंगावर अजून हॉस्पिटलचा गणवेश होता.

"साहेबाचा राग नाही आला मला," तो म्हणाला. "ते गप्प बसले ना सगळे, त्याचा आला. अकरा वर्षं मी कुणासाठी घासली गं?"

दुपारी इलियासमामांचा फोन आला. त्र्याऐंशी वर्षांचा, सकाळी समितीत बसलेला माणूस. करारावर अंगठा देणाऱ्यांतला तेवढाच एक उरलेला.

"बेन्या, सही कर रे बाबा. माजी माय हाय त्या कुंपणाआत. मला तिच्याजवळ मातीत जायचंय."

"मामा, मास्तरांनी खोटं वाचलं होतं?"



"नाय."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"भ्यालो. जमीन हातची जाईल म्हणून भ्यालो. तवापण भ्यालो व्हतो. साहेबाला कोण बोलणार? मास्तर आपला व्हता, त्याला बोललो. मीपण बोललो रे."

बेनेडिक्टच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. साठ वर्षं उशिरा आलेलं हे 'नाय' त्याला त्या माणसाच्या अंगावर फेकून मारावंसं वाटलं. पण पलीकडं म्हातारा हुंदके देत होता. त्यानं फोन ठेवला आणि भर उन्हात घराबाहेर पडून तो चालत सुटला. सदरा पाठीला चिकटला तरी राग उतरेना.

संध्याकाळी जेनिसनं चहा त्याच्यापुढं ठेवला. "सही करायची का नाही, ते तू ठरव. पण त्या माणसाच्या दोनच वाटांतून कशाला जातोस? तिसरी काढ की."

मंगळवारी कंपनीतून दोन तासांची सुट्टी काढून तो पडद्यापुढं बसला.

"साहेब, कलम चार काढा. आम्हाला दिलगिरी नको."

उपसचिव चमकले. "माफीसाठी तर तुम्हीच अकरा वर्षं—"

"मीच. आता नको. दिलगिरी नसेल तर कारण लिहायची गरज नाही. तुमचंच म्हणणं आहे. चूक तुमची नाही, आमचीही नाही. साठ वर्षांपूर्वी ती जमीन कुणी घेतलीच नव्हती, असं समजा. ती आपली आपण चालत कुंपणात गेली आणि आता निम्मी परत येतेय."

"उपरोध नको."

"मग खरं लिहा. धमक आहे?"

तेवढ्यात शाळेच्या चौकटीत काठी टेकत इलियासमामा उभे राहिले. "साहेब, मास्तरानं लिवल्यापरमानं वाचलं. मी ऐकलंय. कलम चार ऱ्हायलं तर माजा अंगटा नाय. ह्या बाकीच्यांचापण नाय." मागं माना हलल्या. काही उशिरा हलल्या.

उपसचिवांनी कुणाला तरी फोन लावला. दहा मिनिटांनी मसुद्यातल्या चौथ्या कलमावर लाल रेघ आली. पाठोपाठ शेवटच्या पानावरचा दिलगिरीचा परिच्छेदही गेला. तो बेनेडिक्टनं तीन वर्षं भांडून, शब्द शब्द मिळवून लिहून घेतला होता. यापुढं गावाचा कोणताही दावा उरणार नाही, हे कलम मात्र तसंच राहिलं. त्यानं सही केली.

ताबा मिळाला त्या दिवशी त्याला रजा मिळाली नाही. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून त्यानं व्हिडिओ कॉल घेतला.

"बेन्या, फाटक उगाडलं रे! तण माजलाय निस्ता, पण मायचा क्रूस सापडला. आन् ती बग, बावखलाची जागा... दिसतंय ना?"

म्हाताऱ्याचा अंगठा कॅमेऱ्यावर होता. पडद्यावर नुसता तांबूस काळोख होता आणि कडेनं उन्हाची एक बारीक फट.

"दिसतंय, मामा," बेनेडिक्ट म्हणाला. "चाला पुढं. मी बघतोय."