महाराजांच्या वाटीतलं पातळ रक्त

रविवारी सकाळी सातपूरच्या आमच्या कॉलनीतल्या सभागृहाबाहेर चप्पल काढायला जागा नव्हती. आत प्रवाहानंद महाराज रक्त पातळ करत होते.

"रक्त म्हणजे इंजिनाचं ऑइल! घट्ट झालं की इंजिन सीझ!" समोर सगळे कारखान्यातले. टाळ्या पडल्या.

आधी कॉलनीतल्या निवृत्तीअण्णांच्या बोटाला सुई. अण्णा कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे. रक्त कोरड्या वाटीत पडलं आणि दहा मिनिटांत गोठलं. "पाहा डॉक्टरांची करामत!"

मग गोरक्ष, माझा शिफ्टमधला जोडीदार. आठ महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. एकवीस दिवस सगळ्या गोळ्या बंद, फक्त महाराजांचा काढा. त्याचं रक्त चमचाभर तीर्थ असलेल्या वाटीत पडलं, ते अर्ध्या तासानंही पातळच.

मिलिमीटरच्या दोन शतांश फरकावरून जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, रिजेक्ट करणारी ही माणसं. पण दोन वाट्या सारख्या का नाहीत, हे एकानंही विचारलं नाही.

लॅबमध्ये काम करणारी अंजली उठली. एका पेल्यात तीर्थ घेतलं, दुसरा रिकामा ठेवला आणि समोरच्या बुधाच्या चिकनच्या दुकानातून दोन्हींत कोंबडीचं ताजं रक्त घेऊन आली. दहा मिनिटं थांबलो. रिकाम्या पेल्यातलं रक्त जेलीसारखं घट्ट. तीर्थातलं डुचमळत होतं.

"महाराज, या कोंबडीनं काढा किती दिवस घेतला?"

तिनं महाराजांची झोळी झटकली, तर सोडियम सायट्रेटचं पाकीट निघालं. "लॅबच्या नळीत आम्ही हेच वापरतो, रक्त गोठू नये म्हणून," अंजली म्हणाली. "बोट कापल्यावर रक्त गोठायलाच हवं, अण्णा. तुमची गोळी रक्तवाहिनीतला चरबीचा थर आवरते, फुटू देत नाही. तो फुटला की आत गुठळी होते. गुठळी होण्याची ओढही गोळी थोडी कमी करते. हे वाटीत दिसत नसतं."

अण्णा भारावले होते. "म्हणजे महाराजांची शक्ती कोंबडीलाही लागू पडते!"

मी कपाळाला हात लावला.

गोरक्षचा चेहरा मात्र उतरला होता. "ताई, मग माझे एकवीस दिवस?"

"विनागोळीचे गेले. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आत्ता डॉक्टरांकडे चल."

त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानं, पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढली. "तुम्ही कचऱ्यात टाकलेल्या. मी उचलून ठेवल्या."

दोघं रिक्षात बसली. मागे काढ्याची रांग पुन्हा लागत होती. बाबांनो, कारखान्यात जॉब तपासता तसा एकदा चमत्कारही तपासा. निदान वाटीत आधीपासून काय आहे, एवढं तरी विचारा.