तोंड उघडं ठेवा, मॅडम

पाणीपुरवठा विभागात तिला सगळे टाकीताई म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी ती कनिष्ठ अभियंता म्हणून लागली तेव्हा पहिली नेमणूक टाकीवर झाली होती. पुढे ती टाकी पाडली, नवी बांधली, ताईच्या हाताखाली आलेले दोघे तिच्या वर गेले, पण नाव काही सुटलं नाही. ताई अजून कनिष्ठच होती. शहराच्या जुन्या भागातली प्रत्येक जलवाहिनी कुठून जाते, कुठे वळते, कुठला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो, हे नकाशा न उघडता सांगणारी ती एकटीच. विचारत मात्र कोणी नसे.

घरीही तसंच. नवरा स्वभावाने देवमाणूस, पण त्याच्याशी वाद घालणं म्हणजे उशीला बुक्के मारणं. ताईने कशावरही मत दिलं की तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणे, "असेल."

अशा बाईची वरची डावी दाढ सडली आणि रूट कॅनाल करायची वेळ आली. धाकट्या बहिणीने डॉक्टर सुचवला. "हात इतका हलका आहे की कळतसुद्धा नाही," ती म्हणाली. "फक्त बोलतो जरा."

पहिल्या दिवशी डॉक्टरने तिला खुर्चीत आडवं केलं, दिवा डोळ्यांवर ओढला, इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी अडकवली.

"दुखलं तर डावा हात वर करायचा. बोलायचं नाही. तोंड उघडं ठेवा, मॅडम." मग ड्रिल सुरू करता करता त्याने विचारलं, "सिनेमे बघता का?"

ताईच्या घशातून काहीतरी घरघरलं.

"तो टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या दोन बहिणींचा सिनेमा पाहिलात? सगळे नुसते डोक्यावर घेऊन नाचतायत. मी तर मध्यंतरातच उठलो. काही घडतच नाही हो त्यात. थोरली बाई पंधरा मिनिटं खिडकीत उभी. का उभी, तर उभी. शेवटी म्हणे धाकटी पळून जाते. जाणारच. त्या घरात कोण राहील?"

ताईने तो सिनेमा दोनदा पाहिला होता. दुसऱ्यांदा एकटीने, दुपारी रजा टाकून. थोरली खिडकीत का उभी असते हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या घरातून धाकटी जातच नाही. जाते ती थोरली. सगळा सिनेमा त्यासाठीच तर आहे. ज्याने अर्धाच पाहिला त्याने अख्ख्याचा निकाल लावावा, आणि आपण कापूस चघळत ऐकावं? तिने डावा हात वर केला.

"दुखतंय? लगेच सांगितलंत ते बरं केलंत," म्हणत डॉक्टरने आणखी एक इंजेक्शन ठोकलं.

संध्याकाळपर्यंत तिचा अर्धा चेहरा परक्याचा असल्यासारखा लोंबत होता. चहा ओठातून गळून साडीवर सांडला. नवऱ्याला तिने सगळं तावातावाने सांगितलं, जमेल तितक्या शब्दांत.

"तुला दाताशी मतलब," तो म्हणाला. "त्याला सिनेमातलं कळत नसेल."

"कळत नाही तर बोलतो कशाला?"

"बोलत असेल," नवरा म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

दुसऱ्या खेपेला ती तयारीने गेली. बसल्याबसल्या आधी सिनेमाचं सांगून टाकायचं, मग तोंड उघडायचं. पण आधीच्या पेशंटला वेळ लागला होता, डॉक्टर घाईत होता. "नमस्कार, बसा, आ करा," इतक्यात कापूस आत.

त्या दिवशी विषय संगीताचा होता. कोपऱ्यातल्या स्पीकरवर एक जुनं गाणं लागलं होतं, ताईच्या वडिलांचं अत्यंत लाडकं. डॉक्टरने एका नामांकित संगीतकाराचं नाव घेतलं. "याला म्हणतात चाल. हल्लीच्या पोरांना सात जन्मांत जमणार नाही. हल्ली सगळा गोंगाट. डबे वाजवतात डबे."

चाल त्या नामांकिताची नव्हतीच. ती त्याच्या सहायकाची होती. चार सिनेमांना संगीत देऊन काम मिळेना म्हणून त्याने पुढे सायकलचं दुकान टाकलं होतं. ताईचे वडील त्याच दुकानात सायकल नेत, आणि पंक्चर निघेपर्यंत त्याच्याकडून ती चाल गुणगुणून घेत. ताई तेव्हा सात-आठ वर्षांची, वडिलांबरोबर आलेली. त्या माणसाच्या बोटांना लागलेलं काळं वंगण तिला अजून दिसत होतं. त्याचं नाव त्याच्या हयातीत कोणी घेतलं नाही, निदान या खोलीत तरी घेतलं जावं म्हणून तिचा जीव वरखाली झाला. हात वर करावा तर पुन्हा सुई. तिने नुसतेच डोळे मोठे केले.

"आवडलं ना? मला वाटलंच," डॉक्टर म्हणाला, आणि ऐन अंतऱ्यात गाणं बंद करून त्याने एक्स-रे काढायला घेतला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. डॉक्टर बदलावा तर दाढ अर्धी उघडलेली, आणि हात खरोखरच हलका. ठणका पहिल्या दिवशीच थांबला होता. उपकाराखाली माणूस दबतो तशी ती दबली.

मग तिसऱ्या खेपेच्या दोनच दिवस आधी जुन्या भागातली मुख्य जलवाहिनी फुटली. बाजाराच्या चौकात रस्ता खचला, तळघरातल्या दुकानांत कमरेइतकं पाणी झालं आणि अर्धं शहर दोन दिवस कोरडं पडलं. सकाळी आठ वाजता ताई त्या खड्ड्यात उतरली, ती दुपारी चारला वर आली. व्हॉल्व्ह गंजून बसला होता. तिघांनी मिळून पान्यावर लोंबकळून तो फिरवला. वरून गर्दी शिव्या घालत होती. साहेब गाडीतून आले, काच खाली करून त्यांनी पाहिलं आणि काच वर करून गेले.

अंग दुखत असतानाच ती खुर्चीत आडवी झाली. कापूस, नळी, भूल.

"पाण्याचं बघितलंत ना?" डॉक्टरने सुरुवात केली. "दोन दिवस दवाखाना बंद. झोपा काढतात हो हे लोक. पगार घ्यायचा आणि घोरायचं. पाईप काय एका रात्रीत सडतो? एकालाही आधी कळू नये? मी तर नागरिकांच्या अर्जावर पहिली सही केली. म्हटलं, जो कोण इंजिनिअर असेल त्याला त्या खड्ड्यात आठ तास उभा करा."

ताईचा डावा हात वर गेला.

"थांबा, देतो थोडं इंजेक्शन."

तिने उजव्या हाताने नळी उपटली. बोळे थुंकले. उठून बसली आणि सव्वीस वर्षांचं जे साठलं होतं ते बोलायला लागली. पण जीभ जड, ओठ मेलेले. 'पाईप'चं 'फाइफ' झालं, 'पत्रं'चं 'फत्त' झालं, आणि बाकीचं लाळेत वाहून गेलं. भिंतीवरच्या आरशात स्वतःचं वाकडं तोंड दिसलं तशी ती मध्येच थांबली.

"भूल आहे, मॅडम," डॉक्टर समजुतीने म्हणाला. "बोलायला जाऊ नका, जीभ चावली जाईल."

तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. औषधांच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी ओढली आणि मागच्या बाजूला लिहिलं:

'तो इंजिनिअर मी. ही वाहिनी फुटणार असं मी दोन वर्षांत चार पत्रांनी कळवलं होतं. तीन पत्रांवर साहेबांचा "पाहिले" असा शेरा आहे. चौथ्यावर तोही नाही. परवा आठ तास मी खड्ड्यातच होते. आणि त्या सिनेमात धाकटी पळून जात नाही.'

डॉक्टरने दोनदा वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे थोरली जाते?" त्याने विचारलं.

ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा तो ओशाळला. "अहो, मग आधी सांगायचं ना."

ती पुन्हा आडवी झाली. त्या दिवशी डॉक्टरने अवाक्षर न काढता काम केलं, आणि ताईला ते त्याचं बोलणं ऐकण्यापेक्षा जड गेलं.

दोन आठवड्यांनी नगरपालिकेच्या सभागृहात नागरिकांची सभा भरली. व्यासपीठावर साहेब, पहिल्या रांगेत अर्जावर सही करणारे, त्यात डॉक्टर. ताई भिंतीशी, खात्याच्या माणसांत. आज तिच्या तोंडात कापूस नव्हता आणि पिशवीत चारही पत्रांच्या प्रती होत्या.

साहेब म्हणाले, "घटना अचानक घडली. जमिनीखालचं कोणाला दिसतं? कसलीही पूर्वसूचना नव्हती."

ताई उठली. "साहेब, याबाबत मी चार पत्रं..."

"मॅडम, तांत्रिक बाबी नंतर घेऊ. आधी नागरिकांना बोलू द्या."

आणि ताई बसली. का बसली, हे ती पुढे कित्येक दिवस स्वतःलाच विचारत राहिली. कोणी खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं नव्हतं. सवयीने गुडघे वाकले, इतकंच.

तेवढ्यात डॉक्टर उभा राहिला. "सूचना होती. चार पत्रं गेली होती. तीन पत्रांवर 'पाहिले' म्हणून शेरा आहे. पाहिलं, तर मग काय पाहिलं ते आम्हाला सांगा."

सभागृहात एकच गलका झाला. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. डॉक्टरला आता जोर चढला. पुढची पंधरा मिनिटं तो बोलला. पाईप म्हणजे दाढ, वरून ठणठणीत, आतून पोकळ. लोक हसले, टाळ्या पडल्या. बिडाच्या पाईपला तो शिशाचा म्हणाला, व्यास निम्मा सांगितला, आणि गळती शोधायची एक पद्धत सांगितली जी जगात कुठेच नाही. कोणी अडवलं नाही. शेवटी त्याने भिंतीकडे हात केला. "त्यांच्या खात्यातल्या या बाई. सगळं त्यांना माहीत होतं. पण बिचाऱ्या बोलू शकत नाहीत."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. धडधाकट जीभ तोंडात असताना ताई सगळ्यांसमोर मूग गिळून बसली होती.

आठ दिवसांत नव्या वाहिनीला मंजुरी मिळाली. दोन वर्षं जे चार पत्रांना जमलं नाही ते पंधरा मिनिटांच्या भाषणाने केलं. वर्तमानपत्रात डॉक्टरचा फोटो आला, खाली 'जागरूक दंतवैद्य'. नवऱ्याने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "घरातलं बाहेर नेलंत," ते म्हणाले. "आता कामावरही तुम्हीच उभ्या राहा. मला त्या चौकात तोंड दाखवायचं नाही."

दाढेवर कॅप बसवायची राहिली होती. या वेळी ताई खुर्चीजवळ गेलीच नाही. दारातच उभं राहून म्हणाली, "आधी मी बोलते, मग आडवी होते. मी बोलू शकत नाही, असं तुम्ही का म्हणालात? मी तिथेच होते. पत्रं माझ्या पिशवीत होती."

डॉक्टर खरंच गोंधळला. "अहो, तुमच्या नोकरीवर येऊ नये म्हणून. तुम्ही बसलात ना खाली. मला वाटलं, कोणीतरी बोलायला हवं."

तो खोटं बोलत नव्हता, आणि हीच खरी अडचण होती. या माणसाचा राग धड येतही नव्हता आणि जातही नव्हता. ती म्हणाली, "पाईप बिडाचा होता. शिशाचा नाही. आणि त्या गाण्याची चाल सहायकाची आहे. नाव सांगते, लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. कॅप छान बसली. चावताना जाणवतसुद्धा नव्हती.

कामाच्या तिसऱ्या दिवशी ताई चौकातल्या चराशी उभी होती. डोक्यावर हेल्मेट, हातात टेप. नवे पाईप एकेक करून उतरत होते. एक गृहस्थ स्कूटर बाजूला लावून आले, कमरेवर हात ठेवून खाली डोकावले आणि आपण होऊन म्हणाले, "बारीक आणलेत पाईप. हे काही पुरायचं नाही. असल्या कामांत नेहमी असंच होतं."

ताईने टेप गुंडाळली. ती त्यांच्या आणि स्कूटरच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"आत वाकून बघा," ती म्हणाली. "बाहेरचा व्यास बघू नका, आतला बघा. जुना पाईप जाड होता, पण आत गंजाचा थर चढून निम्मा उरला होता. आता दाबाचं सांगते. टाकी इथून किती उंचावर आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. "बरं, मी निघतो. मला जरा बँकेत..."

"बँक साडेचारपर्यंत उघडी असते. सव्वीस मीटर. आता त्या टाकीपासून इथपर्यंत चार वळणं येतात. प्रत्येक वळणाला दाब किती घटतो, ते सांगते."

गृहस्थांनी स्कूटरकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. पहिलं वळण सुरू झालं होतं. चरातला कामगार पान्यावर रेलून वर बघत ऐकत राहिला. दुसरं वळण संपेपर्यंत गृहस्थांनी तीनदा "बरं" म्हटलं, आणि ताईने तिन्ही वेळा ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.