समज

ललिताबाई ओव्हाळांनी उभी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर एका साध्यासुध्या मराठी शब्दानं त्यांचा छळ मांडला. शब्द होता ‘समज’.

त्यांच्या चेतनचा अपराध एवढाच, की नगर रस्त्यावर फौजदार घुल्यांनी एका टेम्पोवाल्याच्या थोबाडीत दिली, ती त्यानं मोबाईलवर टिपली. घुले त्याला वाघोलीहून जीपमध्ये घालून पोलीस ठाण्यात घेऊन गेले. संध्याकाळी सोडलं तेव्हा पोराच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि मोबाईल कोरा झाला होता. ठाण्याच्या नोंदीत मात्र सगळं कसं सोज्वळ: ‘सदर इसमास समज देऊन सोडून देण्यात आले.’ कॅमेऱ्याचं म्हणाल, तर तो नेमका त्याच दिवशी बंद. ठाण्यातले कॅमेरे फार नाजूक प्रकृतीचे असतात.

ललिताबाईंनी अर्जामागून अर्ज करून चौकशी लावून घेतली. चौकशी कुठे, तर त्याच ठाण्याच्या वरच्या मजल्यावर! जिना चढताना चेतनला, त्या दिवशी त्याला ज्या खोलीत नेलं होतं, तिचं खालचं दार पुन्हा दिसलं आणि त्यानं आईचा हात धरला. एवढा घोडा झालेला मुलगा, पण धरला.

चौकशी करणारे सहायक आयुक्त रसाळ मात्र सभ्य निघाले. “अहो, आपण बसा ना निवांत,” म्हणाले. चेतनला डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याची खुर्ची त्यांनी स्वतः उठून आपल्या बाजूला वळवली. हा माणूस बरा आहे, असं बाईंच्या मनानं घेतलं. बऱ्याच दिवसांत कुणावर विश्वास टाकता आला नव्हता, त्यामुळे त्या जरा घाईच करत होत्या.

ठाण्यातले शिपाई एकामागून एक आले आणि पाठ केलेलं उत्तर म्हणून गेले. “साहेब म्हणाले, याला समज द्या. आम्ही समज दिली.”

“कशी दिली?” रसाळांनी विचारलं.

“तोंडी, सर.”

घुले समोरच बसले होते, पायावर पाय टाकून. “मॅडम, तुम्ही तर शिक्षिका. वर्गात पोरांना समज देतच असाल की.”

“देत होते,” ललिताबाई म्हणाल्या. “कुणाचा कान नाही गेला.”

रसाळांनी खोकल्यासारखं केलं. सगळ्यांचे जबाब शब्दाला शब्द जुळत होते. आता बाईंची शेवटच्या पानावर सही झाली की फाइल मिटणार, आणि चेतनचा कान आपोआपच फुटला असं ठरणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. पेन हातात घेऊन त्या नुसत्याच बसून राहिल्या.

तेवढ्यात नागोराव चहा घेऊन आला. परभणीकडचा माणूस, चांगला पन्नाशीचा. खाली ठाण्यात आणि वर साहेबांकडे चहा तोच पोचवायचा. टेबलावर पेले ठेवताना ट्रे कलंडला आणि चहा घुल्यांच्या पँटवर सांडला.

“आयला, नागोराव! ए, याला जरा समज द्या रे!” घुले हसत हसत म्हणाले.

दाराशी उभे असलेले शिपाई फिस्सकन हसले. नागोरावच्या हातून ट्रेच पडला आणि काचेचे पेले फुटले. तो भिंतीला जाऊन चिकटला. एक हात कानावर घट्ट दाबलेला, दुसरा, जोडायला जोडीचा हात मोकळा नाही म्हणून, तसाच छातीशी. “नको साहेब, पाया पडतो. चुकी झाली, साहेब.”

आणि रसाळ हसले. अगदी मोकळं, घरातल्या विनोदाला हसावं तसं. मग त्यांचं लक्ष बाईंकडे गेलं आणि त्यांनी हसू आवरून चष्मा पुसायला घेतला.

खुर्ची वळवल्यामुळे घुले चेतनच्या डाव्या अंगाला आले होते आणि ते काय म्हणाले हे त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. त्यानं फक्त तो कानावरचा हात पाहिला. “आई,” तो नको तितक्या मोठ्यानं म्हणाला, “ह्या काकांना पण आत नेलं होतं का?”

“साहेब, यांना विचारा,” ललिताबाई म्हणाल्या. “समज म्हणजे काय, विचारा.”

“अहो बाई, चहावाल्याला काय...” पण बाई त्यांच्यावरून नजर हटवेनात, तेव्हा रसाळांनी नाइलाजानं विचारलं.

नागोरावनं घुल्यांकडे पाहिलं. “समज म्हंजे... नीट समजावून सांगनं, साहेब.”

अगदी बरोबर उत्तर. असल्या उत्तराला बाईंनी जन्मभर पैकीच्या पैकी गुण दिले होते. नागोरावचा हात अजून कानावरच होता.

“आता झालं ना समाधान?” रसाळ म्हणाले. “तेवढी सही करून टाका.”

ललिताबाईंनी पान पुढे ओढलं. सहीच्या वर जागा होती. ‘चहावाले ना’ एवढं लिहून त्यांचा हात थांबला. नागोराव गुडघ्यावर बसून काचा वेचत होता आणि त्यांच्याकडे बघत मान हलवत होता, नाही नाही अशी. हे नाव कागदावर गेलं, तर उद्या खालच्या त्या दारामागे कोण असेल, ते उघड होतं. एवढा डोळ्यांदेखतचा पुरावा, आणि तो सोडून द्यायचा! बाईंना रडू फुटायचंच बाकी राहिलं. पण त्यांनी ती अक्षरं गिचमिड करून खोडली आणि खाली वळणदार अक्षरात एकच ओळ लिहिली. मग सही केली.

रसाळांनी कागद फिरवून वाचला: ‘“याला समज द्या” हे शब्द ऐकून चौकशी अधिकारी श्री. रसाळ हसले.’

त्यांचा चेहरा उतरला. “हे कशाला, बाई? वरचे मला विचारतील, यात हसण्यासारखं काय होतं म्हणून.”

“विचारू देत,” ललिताबाई चेतनला उठवत म्हणाल्या. “तेव्हा शब्दाचा अर्थ आपण सांगा.”