चैतूचा शुक्रवार

कागदाच्या कारखान्यात लागल्यापासून चैतूचे पाय जमिनीला लागत नव्हते. ज्या बांबूवर त्याचा बाप जन्मभर कुऱ्हाड चालवत आला, तोच बांबू इथे मशीनच्या एका तोंडाने आत जायचा आणि दुसऱ्या तोंडाने पांढराशुभ्र कागद होऊन बाहेर यायचा. गडी रोज बघायचा आणि रोज हरखायचा. दुःख एकच होतं. सुट्टी रविवारची आणि गावचा बाजार शुक्रवारचा. त्या बाजारात सोमारी चारोळी विकायला बसायची.

म्हणून दर शुक्रवारी तो खोलीत सोबत राहणाऱ्या मुखरूच्या हातापाया पडून पाळी बदलून घ्यायचा, सोमारीशी चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून शेरभर चारोळी घ्यायचा आणि ती आणून मुखरूलाच द्यायचा. खाटेखाली चारोळी, ट्रंकेत चारोळी. "आता चारोळी आणशीन तं पाळी बंद," मुखरूने शेवटी ठणकावलं.

मागच्या शुक्रवारी सोमारीने त्याला कोंडीतच पकडलं. "पुढच्या शनवारी अहेरीकडचे पाहुणे मले मागाले येऊन राह्यले. त्याच्या आंधी तुया कारखान्यात बरं काय, वाईट काय, सारं खरं सांग. मंग बापाले काय सांगाचं ते मी ठरवीन."

आठवडाभर चैतू उत्तर घोकत राहिला. शुक्रवार उजाडला. रातपाळी करून, तांबारलेल्या डोळ्यांनी तो बाजारात पोचला आणि डोळे चोळून चोळून बघू लागला. मैदान मोकळं होतं. दोन बकऱ्या चरत होत्या. चिंचेखाली टोपली घेऊन एकटी सोमारी बसली होती.

"सांग," ती म्हणाली.

"पगार तारखेले भेटते. खोलीत बिजलीचा दिवा हाय, फुंकून इझत नाई. मी फुंकून पाह्यला. च्या गोड रायते."

"अन् वाईट?"

इथे थाप मारावी असं त्याला फार वाटलं. पण सोमारीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. "बांबू शिजते, त्याचा वास केसातून जात नाई. भोंगा वाजला का उठा लागते, सपन अर्धं असलं तरी. नाचाच्या राती पाळी आली तं दुरून ढोल आयकाचा अन् मशिनीजवळ उभ्या उभ्या पाय हालवाचे."

सोमारीने पुढे वाकून त्याचं डोकं हुंगलं.

"येते वास," ती म्हणाली. "माया हाताले मोहफुलाचा येते. अजून?"

"सुट्टी रविवारची. बाजार शुक्रवारी."

"आता रविवारीच भरते. तुमच्या कामगाराइसाठीच बदलला. परवा दवंडी झाली. तुले मशिनीच्या घरघरीत काय आयकू येणार?"

"मंग तू आज काऊन आली?"

"रविवारची वाट पाह्यली असती तं मी अहेरीले गेली असती." तिने भरलेली टोपली त्याच्या हातात दिली. "हे मुखरूले दे, तुयी पाळी बदलून देते म्हून. उद्या सुट्टी घे अन् पाहुण्याइच्या आंधी आमच्या घरी ये. बापाले मी सांगून ठेवीन."

चैतूने टोपली डोक्यावर घेतली आणि मोकळ्या बाजारात अशी गिरकी मारली की बकऱ्या पळाल्या. मुखरूला चारोळीचा वीट आलाय, हे मात्र त्याने सोमारीला सांगितलं नाही. ते सांगायला आता उभा जन्म पडला होता.