राखेची जाळी

माळावर सूर्य विझत होता. विझतो कसला, जळतच होता! स्वतःचं काळीज इंधन करून जळणारा एकटा तेजोनिधी, कुणाच्या डोईवर न बसणारा. त्याच्या ताम्रगेरू प्रकाशात टेकाडं तापल्या तव्यासारखी लालभडक झाली होती. पूर्वेला पुनवेचा चंद्र वर येत होता. उसन्या उजेडाचा, तरी ताठ मानेचा.

आणि वेशीत चांगुणा इनामदारांच्या लेकाच्या वरातीसाठी गॅसबत्ती पेटवत होती.

पितळी टाकीत रॉकेल. पंपाचे दट्ट्यांवर दट्टे. तापल्या नळीत तेलाची वाफ होते, वाफ फुत्कारते, आणि वर बांधलेली रेशमी जाळी आधी जळून राख होते. मग ती राखच उजळते. शंखशुभ्र, डोळे दिपवणारी राख. धक्का लागला की भुगा. म्हणून डोईवर बत्ती घेणारीची मान हलता कामा नये.

सव्वीस वर्षं चांगुणाची मान हलली नव्हती. सव्वीस वर्षांत नवरे उजळले, घोडे उजळले, घोड्यांच्या शेपट्यासुद्धा उजळल्या. बत्तीखालची बाई कुणाला दिसली नाही.

आज तिचीच लेक सुभद्रा सासरी निघाली होती. याच सांजेला, गावकुसाबाहेरून. वरातीच्या सहा बत्त्यांतली एक चांगुणानं मागितली होती, घटकाभर, जाताना लेकीचं तोंड नीट बघायला. इनामदारांचा कारभारी गणपतराव मिशीत हसला होता, "तुमच्या वरातीला चंद्र हाय की, चांगुणे! फुकटचा!"

अंधारलं. वरात निघाली. पुढं ताशे, मागं अत्तराचा घमघमाट, दोन्ही अंगांना सहा बायका, सहा ज्वलंत मुकुट. मुकुट कसले? जोखडं! पांढरी, तापलेली, फुत्कारणारी जोखडं.

चावडीपाशी ताशा थांबला, आणि गावकुसाबाहेरची हलगी ऐकू आली. निरोपाची.

चांगुणा रांगेतून बाहेर पडली.

"ए! कुठं निघालीस?" गणपतराव गरजला. "बत्ती ठेव खाली!"

तिनं ठेवली. तान्हं निजवावं तशी, अलगद. "घ्या. उजेड तुमचाच ना? मग उचला की. का माना न्हाईत तुमास्नी?"

"माझी बी घ्या, कारभारी," मागून सखूबाई म्हणाली. "फेट्यावर शोभंल!"

एकेक करून उरलेल्या पाचही बत्त्या भुईला टेकल्या.

गणपतरावानं एक हिसक्यानं उचलली. जाळीचा भुगा. नवरदेवाच्या भावानं दुसरी गदेसारखी उचलली. भुगा. तिसरी, चौथी, सगळ्या. आग राहिली, उजेड गेला. काळपट, धुरकट, जिभल्या चाटणारी आग. अत्तरावर रॉकेलची घाण चढली, घोडा बिथरला. पिढ्यान्‌पिढ्या उजेडात मिरवलेल्यांना साधा उजेड धरता येईना. थू असल्या मिरवण्यावर!

चांगुणानं मागं वळून पाहिलं नाही. ती चालली, मागं पाचजणी; सवयीनं माना ताठ, डोईवर रिकाम्या चुंबळी.

गावकुसाबाहेर गाडीला बैल जुंपलेले. चांगुणानं लेकीचं तोंड ओंजळीत धरलं, चांदण्याकडं वळवलं, आणि बघत राहिली, बघत राहिली.

सुभद्रानंही आईकडं पाहिलं. आईच्या डोईवर, त्या रिकाम्या चुंबळीत, चंद्र येऊन टेकला होता. ना फुत्कार, ना चटका. सव्वीस वर्षं न हललेली ती मान आता हुंदक्यांनी गदगदा हलत होती, गदगदा हलत होती.

चंद्राचा भुगा काही झाला नाही.